छोट्या रुळांवरच्या गप्पा



‘तब्येत कशी आहे?’ हा प्रश्न घरातल्या वयस्क माणसाला दिवसातून किती वेळा विचारला जातो, हे एकदा मोजून पाहावे. सून विचारते, परगावची लेक दूरध्वनीवरून विचारते, जिन्यात भेटलेला शेजारी विचारतो, आणि आम्ही डॉक्टर तर विचारतोच. उत्तरही ठरलेले असते, ‘ठीक आहे.’ प्रश्न मायेचा असतो, यात शंका नाही. पण त्यातून संभाषण पुढे सरकत नाही. शिवाय रोज त्याच एका प्रश्नाला उत्तर देणाऱ्या माणसाला हळूहळू वाटू लागते की, आपल्याजवळ रक्तदाब आणि गुडघे यांखेरीज सांगण्याजोगे काही उरलेले नाही. आज मला अशा काही मंडळींच्या गप्पांविषयी लिहावयाचे आहे, जी एकमेकांना हा प्रश्न सहसा विचारीत नाहीत आणि तरीही एकमेकांच्या प्रकृतीची खडान्‌खडा माहिती बाळगून असतात. ही मंडळी म्हणजे छोट्या रेल्वेगाड्यांचे छांदिष्ट.

छोटी रेल्वे म्हणजे किल्ली देऊन फिरवायचे खेळणे नव्हे. खऱ्या इंजिनाची, डब्यांची, स्थानकांची मापात उतरवलेली ती प्रतिकृती असते. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले माप ‘एचओ’, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढे. त्यात दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर, आणि फलाटावर उभा केलेला सहा फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. ब्रिटनमध्ये गाडी १:७६ या मापाची करतात आणि ती चालवतात मात्र याच १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर. या विसंगतीवरून तिथले शौकीन गेली कित्येक दशके तावातावाने वाद घालीत आले आहेत. आपल्याकडे हा छंद पाहावयाचा असेल तर पुण्याच्या कोथरूड भागात जावे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून तिथे लोकांसाठी खुले आहे. नातवंडांना दाखवायला म्हणून गेलेले आजोबाच तिथून लवकर निघायला तयार नसतात, असा अनुभव अनेक कुटुंबांनी मला सांगितला आहे.

मात्र मला ज्या गप्पा अभिप्रेत आहेत, त्या ऐकल्या माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका गृहस्थांनी, आणि त्या अमेरिकेत. हे काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. पत्नीच्या निधनानंतर मुलाने त्यांना सहा महिन्यांसाठी आपल्याकडे नेले. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचे तिथले दिवस कसे जातात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. घर ऊबदार, फ्रिज भरलेला, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात चिटपाखरू नाही. गाडी चालवता येत नाही, त्यामुळे कोठे जाता येत नाही. रस्त्यात कुणी भेटले तर हसून हात करते आणि पुढे जाते. काका महिन्याभरात इतके अबोल झाले की, मुलाने मला दूरध्वनी करून नैराश्यावरच्या गोळीविषयी विचारले. रुग्णाला न तपासता अशी गोळी सुचवणे योग्य नसल्याने मी त्यांना तिथल्याच डॉक्टरांकडे नेण्यास सांगितले. ते नेणे झालेही. परंतु त्याच सुमारास नोव्हेंबर उजाडला. अमेरिकेत नोव्हेंबर हा छोट्या रेल्वेचा महिना म्हणून साजरा होतो आणि ठिकठिकाणची मंडळे आपली दालने सर्वांना खुली करतात. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी काकांना असेच एका चर्चच्या तळघरात नेले.

तिथे काय बोलणे झाले, ते काकांनी परतल्यावर मला जवळजवळ अर्धा तास सांगितले. बाहेर रुग्ण खोळंबले होते, तरी मी थांबवले नाही. ‘तुम्ही कुठल्या मार्गावर होता?’ हा त्यांना विचारलेला पहिला प्रश्न. भोरघाट म्हटल्यावर चढ किती, असे विचारले गेले. काकांनी सांगितले, ‘सदतीसाला एक.’ म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. त्या तळघरात एकदम शांतता पसरली, कारण मुख्य मार्गावर इतका कडक चढ म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते. मग गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने आली, आणि मग एकेरी मार्गावरच्या टोकनचा विषय निघाला. आपल्याकडे यंत्रातून पोलादी गोळा बाहेर आल्याशिवाय ड्रायव्हरला पुढच्या टप्प्यात जाण्याचा अधिकार मिळत नसे, आणि तो गोळा वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीतून धावत्या गाडीत दिला जाई. अमेरिकेत गोळा नव्हता. तिथे पातळ कागदावर लिहिलेला हुकूम असे. परंतु तोही असाच कड्याला अडकवून धावत्या इंजिनाकडे वर धरीत. दोन देशांतली ही दोन कडी एकमेकांना दाखवताना काकांनी म्हणे तिथल्या झाडूचा उपयोग केला. काकांचे इंग्रजी बेताचे, समोरच्यांचे उच्चार अनोळखी. पण बोलणे अडले नाही.

पुढचे चार महिने ते दर आठवड्याला जात राहिले. या मंडळींची एक रीत मला फार आवडली. तळघरातल्या मंडळाखेरीज पाच-सहा जणांचा एक छोटा गट असतो. ते आठवड्यातून एका संध्याकाळी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमतात आणि त्याच्या रेल्वेचे अडलेले काम सगळे मिळून करतात. आपली भिशीच म्हणा; फक्त पैशांऐवजी हात आणि डोळे एकत्र करावयाचे. गप्पांचे विषय ऐकाल तर हसू येईल. रुळांवर काळपट थर बसतो, तो स्पिरिटने पुसावा की खोडरबराने? खडी पसरल्यावर ती चिकटवायला पांढरा गोंद किती पातळ करावा, आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला म्हणजे तो खडीत कसा झिरपतो? सांध्यावर नेमका तोच एक डबा का घसरतो? तारेवर स्पंजचे तुकडे लावून केलेले झाड आंब्यासारखे दिसते की फुलकोबीसारखे? इंजिनाच्या अंगावरचे रिव्हेट मोजून ‘दोन कमी आहेत’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतोच. त्याची सगळे थट्टा करतात, आणि काम झाल्यावर हळूच त्यालाच दाखवून घेतात.

डॉक्टर म्हणून मला या निरर्थक वाटणाऱ्या बोलण्यात बराच अर्थ दिसतो. दोन माणसे समोरासमोर बसली की एकमेकांकडे पाहून बोलावे लागते; बोलणे खुंटले की अवघडल्यासारखे होते. तिसरी एखादी वस्तू मध्ये असली, नजरा तिच्यावर असल्या, म्हणजे पाच मिनिटांची शांतताही खपून जाते. आमच्या पिढीच्या आणि त्याआधीच्या पुरुषांना मनातले बोलण्याची सवय नसते. त्यांची पत्नी गेली की अनेकदा त्यांचे सगळे बोलणेच तिच्याबरोबर जाते. अशा माणसाला ‘मन मोकळे करा’ असे सांगून काही होत नाही. हातात स्क्रू ड्रायव्हर असताना मात्र तो एखाद्या दिवशी सहज म्हणून जातो, ‘रात्री झोप लागत नाही हल्ली.’ पुढचा मान वर न करता म्हणतो, ‘मलाही लागत नव्हती.’ एवढेच. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून वयस्क पुरुषांसाठी सामाईक कामाच्या शेड उभ्या राहिल्या, त्या याच जाणिवेतून.

एकाकीपणा ही आता केवळ हळहळण्याची गोष्ट राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या विषयावर आयोग नेमला आणि २०२५ च्या त्याच्या अहवालात जगातील दर सहा माणसांमागे एक जण एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे म्हटले आहे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित अशा चौदा टाळता येण्याजोग्या कारणांची यादी दिली. तिच्यात सामाजिक एकाकीपणा आहे, ऐकू कमी येणे आहे, आणि उपचार न केलेला दृष्टिदोषही आहे. आगगाड्या चालवल्या म्हणजे स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा मात्र मी करणार नाही. कुणी केला तर विश्वास ठेवू नये. पण ही तीन कारणे एकमेकांत कशी गुंतलेली असतात, ते अशा गटात फार लवकर लक्षात येते.

काकांनी सांगितलेलेच उदाहरण घ्या. रिव्हेट मोजणारे ते गृहस्थ अचानक वाद घालीनासे झाले. घरच्यांना वाटले, वयानुसार शांत झाले. मित्रांना ते पटेना. कारण चुकीच्या रंगाचा डबा समोर ठेवला तरी ते बोलत नव्हते. शेवटी एकाच्या लक्षात आले की, गाडी धावत असताना ते बोलत नाहीत, थांबली की बोलतात. कानांची तपासणी झाली, श्रवणयंत्र आले, वाद पुन्हा सुरू झाले. उतारवयातला बहिरेपणा बहुधा उंच पट्टीच्या स्वरांपासून सुरू होतो. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण स, श, फ, त यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द लागत नाही. एकट्याशी बोलताना माणूस ओठ पाहून भागवून नेतो; चार जण एकदम बोलू लागले, पंखा किंवा दूरदर्शन चालू असले की हरतो आणि गप्प बसतो. घरात त्याला ‘तिरसट झाले’ किंवा ‘लक्षच नसते’ असे नाव पडते. तुमच्या घरातले वडीलधारे घोळक्यात गप्प आणि एकांतात बोलके असतील, तर प्रथम कानात मळ आहे का ते पाहून घ्यावे आणि नंतर श्रवणचाचणी करावी. कानात तेल घालून वाट पाहू नये.

हातांचेही तसेच. बारीक काम करणाऱ्यांना थरथर सर्वांच्या आधी कळते. चिमट्याने वस्तू उचलताना, कप धरताना हात थरथरतो आणि मांडीवर ठेवला की स्थिर होतो, हा एक प्रकार. तो त्रासदायक असला तरी बहुधा घातक नसतो, आणि त्यावर औषध आहे. याउलट हात स्वस्थ ठेवलेला असताना अंगठा व बोट गोळी वळल्यासारखे हलतात आणि काम हाती घेतले की कंप कमी होतो. सोबत अक्षर बारीक होत चालले आहे, चालताना एक हात हलत नाही, असे दिसले तर कंपवाताची शंका घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, दम्याची काही औषधे आणि अर्थात दिवसाला सात-आठ कप चहा, यांमुळेही हात कापतात. म्हणून ‘वय झाले’ हे निदान घरच्या घरी करू नये.

मोतीबिंदूची गंमत आणखी वेगळी. पिकत चाललेले भिंग पिवळसर होते आणि निळ्या रंगाचे तेज खाऊन टाकते. हे इतके सावकाश होते की, माणसाला पत्ता लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर निळा रंग एकदम झळाळून दिसतो. आपणच रंगवलेले आकाश पाहून एका छांदिष्टाने विचारले होते म्हणे, की हे कुणी रंगवले?

आता थोडे काळजीवाहकांसाठी. घरात असा किंवा याच जातीचा छंद असेल, तर काही गोष्टी सांभाळाव्यात. डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री, तिचे टोक तीनशे अंशांच्या वर तापते. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्या माणसाला भाजल्याचे उशिरा कळते. तिचा धूर दम्याच्या रुग्णाने छातीत घेऊ नये. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर नेणारा. सोल्डरच्या तारेत शिसे असू शकते, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय चिवड्याच्या वाटीला हात लावू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धारदार पात्याची छोटीशी जखमही बराच वेळ वाहते. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. मेजाखाली वाकून तारा जोडणे आणि तिथून झटकन उठणे हे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर आणते. परदेशातले वयस्क छांदिष्ट आता मेजाखालून रांगत आत जाण्याऐवजी फळी वर उचलता येईल अशी वाट करून घेतात, हे शहाणपणाचे आहे. आणि घरात नातवंडे असतील तर गोल चपट्या बॅटऱ्या व छोटी लोहचुंबके कुलपात. मुलाने अशी बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढण्याच्या फंदात न पडता तत्काळ रुग्णालय गाठावे. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते.

पण त्याहून मोठा धोका मला दुसरीकडे दिसतो. ‘या वयात कसली खेळणी?’ असे घरातून म्हटले जाते आणि पसारा माळ्यावर जातो. काही घरांत याच्या उलट घडते. छंदाचे औषध केले जाते. ‘बाबा, बसा अर्धा तास, मेंदूला चांगले असते.’ असे ऐकल्यावर कुणाला बसावेसे वाटेल? छंद हा छंदच राहू द्यावा. खर्चाची मर्यादा ठरवावी, खोलीचा एक कोपरा द्यावा, आणि आठवड्यातून एकदा मित्रांना येऊ द्यावे. मित्र हे मुख्य, गाडी दुय्यम. गाडीच असली पाहिजे असेही नाही. जुने रेडिओ, गच्चीवरचे गुलाब, पेटीचे बिघडलेले स्वर, टपालाची तिकिटे, ज्यावर मतभेद होऊ शकतो असे काहीही चालेल. आपल्याकडच्या स्त्रियांनी भजनी मंडळात आणि विणकामाच्या सुयांभोवती हे फार पूर्वीच साधलेले आहे. अडचण बहुतेक करून पुरुषांची आहे.

स्मृती ढासळू लागलेल्या माणसाचे काय, असे तुम्ही विचाराल. त्याचेही उत्तर त्या तळघरात मिळते. ही मंडळी अधूनमधून खऱ्यासारखी वाहतूक चालवतात. एक जण नियंत्रक होतो, कुणी ड्रायव्हर, कुणी यार्डमास्तर. वेळापत्रक असते, कोणता डबा कोणत्या कारखान्याला पोहोचवायचा याच्या चिठ्ठ्या असतात. नियंत्रकाचे काम डोक्याला ताण देणारे. वर्षानुवर्षे ते करणाऱ्या एका सभासदाला गाड्यांची संगती लागेनाशी झाली. मित्रांनी आधी त्याच्या पत्नीच्या कानावर घातले, मग तपासण्या झाल्या आणि निदान स्मृतिभ्रंशाचे निघाले. इथे बहुतेक घरांत येणे-जाणे थांबते. लोकांना काय बोलावे कळत नाही आणि घरच्यांना संकोच वाटतो. या गटाने त्याचे काम बदलले. आता तो गोल फिरणारी एकच गाडी चालवतो आणि शेजारी कुणीतरी बसते. तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तर चौथ्यांदा उत्तर देतात. बायकोला त्या दोन तासांत बाजारहाट करता येतो, किंवा नुसते मोटारीत डोळे मिटून बसता येते. सांभाळणाऱ्यांना या दोन तासांची किंमत वेगळी सांगायला नको.

काका परत आले ते एक जाड वही घेऊन. तीत भोरघाटाची आखणी होती, आणि खाली तिघांचे पत्ते. नैराश्याची गोळी तिथल्या डॉक्टरांनी सुरू केली होती; ती मी ठरल्या मुदतीपर्यंत चालू ठेवली आणि सावकाश कमी केली. अशी गोळी बरे वाटले म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

एक काम या आठवड्यात करावे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी फायलीत लावलेली असते, तिच्या मागच्या बाजूला त्यांच्या दोन-तीन मित्रांचे किंवा मैत्रिणींचे दूरध्वनी क्रमांक लिहावेत. आजारपणात नातेवाइकांना कळवले जाते, मित्र राहून जातात. पक्षाघाताने बोलणे अडलेले असले, तरी प्रकृती स्थिर झाल्यावर डॉक्टरांना विचारून त्यांना भेटीला बोलवावे. त्यांना आत पाठवताना दारात ‘फार बोलू नका’ असे बजावू नये. कुठल्या कानाने नीट ऐकू येते, तेवढे सांगावे. खुर्ची त्या बाजूला ठेवावी, दूरदर्शन बंद करावा आणि चहा आतच पाठवावा.